एका पोत्याला एकच टॅग

फाइल कुठल्याही ऑफिसातली असो, ती अडते शेवटच्या कागदाशी. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भोगलंय. बाकी सगळे कागद लागलेले असतात, साहेब खूश असतात, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अहो, ते एक राहिलंय की!" मग जी धावपळ सुरू होते, त्या धावपळीत भला माणूसही असलं काहीतरी करून बसतो की पुढं त्याचं त्यालाच तोंड लपवावं लागतं. जालन्याच्या 'कणसरी सीड्स'मधल्या भागवत शेजूळची गोष्ट अशाच एका कागदाची आहे. जरा लक्ष देऊन ऐका, कारण चूक भागवतची असली तरी सवय आपल्या सगळ्यांचीच आहे.

भागवत मूळचा टेंभुर्णीचा. कणसरीत त्याला अकरा वर्षं झाली होती. प्रशासन बघायचा, म्हणजे ज्या कामाला दुसरा कुणी वाली नाही ते सगळं त्याच्या टेबलावर. कंपनीनं औद्योगिक वसाहतीत नवी इमारत बांधली होती. खाली बियाणं भरायचा थंडगार हॉल, वर ऑफिस. मालक सोमेश्वरदादांनी मनावर घेतलं होतं, की या इमारतीला 'ग्रीन बिल्डिंग'चं प्रमाणपत्र मिळवायचंच. नुसती हौस नव्हती ती. परदेशातली एक कंपनी भाजीपाल्याच्या बियाण्यांची छोटी पाकिटं कणसरीकडून वर्षभर भरून घ्यायला तयार होती, पण पाकिटं भरायची ती अशा प्रमाणित इमारतीतच, ही तिची अट होती.

आणि या पाकिटांवर बावीस बायकांच्या चुली अवलंबून होत्या. कणसरीत खरिपाचं पॅकिंग जून संपता संपता आटोपतं. रब्बीचं थोडंफार काम कायमच्या माणसांत भागतं. मग बाकीच्या बायकांनी करायचं काय? कुणी घरी बसते, कुणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. यंदा मात्र भागवतनं हॉलच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, "बायांनो, या साली घरी बसायचं न्हाई. पंधरा सप्टेंबरपासून पाकिटांचं काम सुरू. बारा महिने!" या एका शब्दावर नंदाबाईनं हातात असलेलं खुरपणीचं उक्तं काम सोडलं आणि लेकीला अंबडच्या कॉलेजात घातलं. भागवतला हे माहीत होतं.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. शुक्रवारी फाइल प्रमाणपत्र देणाऱ्या समितीकडं जायची होती आणि आज मंगळवार. पाण्याचा हिशेब, रंगांचे दाखले, खिडक्यांच्या काचांची बिलं, सगळं लागलं होतं. राहिला होता एकच कागद, हिरव्या विजेचा.

हा कागद काय असतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या घरात तारेतून वीज येते. ती कोळशाची की उन्हाची, हे तिच्यावर काही लिहिलेलं नसतं. पण कुठंतरी सौर प्रकल्पात किंवा पवनचक्कीवर हजार युनिट वीज तयार झाली, की तिच्या नावानं एक नंबर पडलेलं प्रमाणपत्र निघतं. ते आपण विकत घेतलं, की त्या हजार युनिट स्वच्छ विजेचा मान आपला. आपल्या पैशातून तसली वीज तयार करणाऱ्याला बळ मिळतं. नव्या इमारतीला वर्षाला एक लाख ऐंशी हजार युनिट लागणार होते, म्हणजे प्रमाणपत्रं हवीत एकशे ऐंशी. खाली निवेदन करायचं, 'ही प्रमाणपत्रं आम्ही याच इमारतीसाठी घेतली असून इतरत्र कुठेही दाखवलेली नाहीत.' आणि त्यावर सही भागवतची.

भागवत अगदी निर्धास्त होता. त्यानं कपाट उघडलं आणि दुसरीच एक फाइल काढली. कंपनीचं अंबड रोडला बियाण्याचं शीतगृह, म्हणजे थंड गोदाम, आहे. त्याच्यासाठी गेल्या साली अशी एकशे ऐंशी प्रमाणपत्रं घेतली होती, आणि दुसऱ्या एका संस्थेकडं पाठवलेल्या फाइलीला तो कागद भागवतनंच लावला होता. कंपनी तीच, मालक तोच, आकडाही तोच! मग अडचण कसली? त्यानं झेरॉक्स काढली, 'सत्यप्रत'चा शिक्का मारला, त्यावर सही ठोकली आणि कागद नव्या फाइलला लावून टाकला.

हसू नका. आपण तरी दुसरं काय करतो? घराघरात प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्सांचा गठ्ठा असतो. रेशन कार्डाच्या पाच, आधारच्या दहा, दाखल्यांच्या पंधरा. कुणी कागद मागितला की काढून द्यायचा. कागद एकदा मिळाला की तो जन्मभर आणि सगळीकडे चालतो, हे आपल्या अंगवळणी पडलंय.

फाइल पाठवायच्या आधी नंबर एकदा तपासून घ्यावेत म्हणून भागवत टॅगच्या खोलीत गेला. तिथं मैमूना आपा बसतात. कणसरी उभी राहिली त्या दिवसापासून त्या आहेत. प्रमाणित बियाण्याच्या प्रत्येक पोत्याला निळा टॅग लागतो, त्यावर नंबर असतो, आणि कणसरीचा एकही टॅग आपांच्या हाताखालून गेल्याशिवाय पोत्याला शिवला जात नाही. शिवताना टॅग फाटला तर त्याचे तुकडेसुद्धा त्या मागून घेतात आणि वहीत चिकटवतात. बायका चिडवायच्या, "आपा, टॅगचा दशक्रिया विधी बी करता का?" आपा चष्म्यावरून नुसतं बघायच्या. नंबर कुठून कुठपर्यंत हे वाचण्यात त्यांचा हात जालन्यात कुणी धरू शकलं नसतं.

"आपा, तेवढे नंबर पडताळून द्या. झेरॉक्समध्ये एखादा आकडा पुसट आला नसावा."

आपांनी कागद घेतला. बोट पहिल्या नंबरवर ठेवलं, मग शेवटच्या. परत पहिल्यावर आणलं.

"भागवतभाऊ, हे नंबर मी आधी बघितलेले हैत."

"असं कसं? फाइल आत्ता बनली."

"थांबा." त्यांनी मागच्या सालची वही काढली. तपासलेल्या प्रत्येक मालिकेची नोंद आणि पुढं त्यांची आद्याक्षरं. पानं उलटता उलटता त्या एका ओळीवर थांबल्या. "हे बघा. अंबड रोडच्या गोदामासाठी तुम्हीच आणल्ता. पहिला नंबर बराबर हाच. शेवटचाबी हाच."

"हाव ना. त्याचीच झेरॉक्स हाय ती."

आपांनी चष्मा काढला. "मंग असल कागद कुठंय?"

भागवतनं जुनी फाइल पुढं केली. आपांनी मूळ कागद उलटा केला. मागच्या बाजूला चार ओळी होत्या. झेरॉक्स एकाच बाजूची काढलेली असल्यामुळं त्या नव्या फाइलीत आल्याच नव्हत्या. आपांनी एकेक शब्द सावकाश वाचला: 'वरील सर्व प्रमाणपत्रे अंबड रोड शीतगृहाच्या वीजवापरापोटी वापरून रद्द करण्यात आली आहेत.'

भागवतनं कागद हातात घेऊन त्या ओळी परत वाचल्या. हे त्यानं गेल्या सालीही वाचलं नव्हतं. कागद मिळाला, लावला, विषय संपला, असंच झालं होतं. पण आपली चूक कबूल करायला माणसाला वेळ लागतो. तो म्हणाला, "आपा, अहो कागद आपल्याच कंपनीचा ना? जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सा आपण धा ठिकाणी लावतो. आधार कार्डाच्या तर मोजल्या बी न्हाईत. मंग याची एक लावली तर कुणाचं काय जातंय?"

आपांनी बाजूला पडलेलं हरभऱ्याचं पोतं पायानं पुढं ओढलं. त्याच्या तोंडाशी निळा टॅग शिवलेला होता.

"आधार कार्ड सांगतं तुम्ही कोण ते. तुम्ही धा ठिकाणी गेले तरी भागवतच राहता. म्हणून त्याच्या धा झेरॉक्सा चालतात, शंभर चालतात. हा टॅग काय सांगतो?"

"आत कुठलं बियाणं हाय ते."

"ह्याच पोत्यात. बराबर? आता मी ह्याची झेरॉक्स काढली अन् बाजूच्या रिकाम्या पोत्याला लावली, तर त्या पोत्यात हरभरा येतो का?"

भागवतनं बाजूच्या रिकाम्या पोत्याकडं बघितलं.

"बोला ना. येतो का?"

"न्हाई."

"हजार युनिट उन्हाची वीज एकदाच तयार झाली. अंबड रोडच्या गोदामानं ती घेतली, त्याच्या नावावर संपली. आता तुम्ही नव्या इमारतीला जी लावून राह्यले, ती कुठून आली? रिकामं पोतं हाय ते भागवतभाऊ. वर फक्त टॅग हाय."

किती साधी गोष्ट! पंधरा वर्षं शिकलेला भागवत जे वाचू शकला नाही, ते सातवी पास आपांनी पोत्याकडं बोट दाखवून सांगितलं. भागवत फाइल घेऊन बाहेर पडला.

त्यानं लगेच सल्लागाराला फोन लावला. प्रेम नावाचा हा तरुण संभाजीनगरला बसून अशा इमारतींच्या फायली बनवून द्यायचा. हुशार पोरगा, बोलायला गोड. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"सर, टेन्शन कशाला घेता? मागचं पान लावूच नका."

"पण ती वापरलेली आहेत ना?"

"त्या फाइलची संस्था वेगळी, हिची वेगळी. ते एकमेकांच्या फायली बघत बसत नाहीत. सगळे असंच करतात, सर."

"नवी घेतली तर?"

"घ्या की. पण ही प्रमाणपत्रं ठरलेल्या दिवशीच बाजारात मिळतात. या महिन्यातला पुढचा दिवस शेवटच्या आठवड्यात. मग नोंद, मग पत्र. शुक्रवार हुकला की समितीची पुढची बैठक दोन महिन्यांनी. तोपर्यंत तुमचा परदेशी ग्राहक थांबतोय का बघा. त्याला हैदराबादचे दोघं जण विचारतच आहेत."

म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच. खर्च सोमेश्वरदादांच्या मानानं किरकोळ होता. फेब्रुवारीतच प्रेमनं सांगितलं होतं की प्रमाणपत्रं घेऊन ठेवा. 'आपल्याकडं आहेत' असं म्हणून भागवतनंच ते बाजूला टाकलं होतं. आता हातात दिवस उरले नव्हते. सकाळपर्यंत ही नजरचूक होती. आता मागचं पान काढून फाइल पाठवली, तर ती सरळसरळ लबाडी होणार होती, आणि हे भागवतला पक्कं कळत होतं.

तो गेटपाशी आला तर नंदाबाई उभी. अंबडहून लेकीला भेटून परत येताना मुद्दाम वाट वाकडी करून आली होती.

"भागवतभाऊ, पंधराला बराबर सुरू ना काम? न्हाई, खुरपणीवाला परत बोलवून राह्यला, म्हणून इचारलं."

भागवत म्हणाला, "सुरू म्हंजे सुरू. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

नंदाबाई हसून निघाली. आणि भागवतला स्वतःचीच लाज वाटली. एक खोटं कागदावर जायच्या आत दुसरं तोंडातून निघालंसुद्धा! तो तसाच मागं फिरला आणि परत टॅगच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आपा, एक इचारू? तुमची सून सबिहा त्या बावीसमध्ये हाय. काम पुढं गेलं तर तुमच्याच घरात ताण पडंल. तुमच्या लेकाची, आमिरची, कमाई ती केवढी. तरी तुम्ही म्हणता फाइल थांबवा?"

आपांचे हात थांबले. त्यांनी खाली बघितलं. "काल सबिहानं नवा डबा आणला, भागवतभाऊ. कामावर न्यायला. पोरगी दोनदा धुवून ठेवून राह्यली. मला काय आनंद होतो का हे सांगताना?" मग त्यांनी मान वर केली. "पण खोट्या टॅगवर सुरू झालेलं काम कवा बंद पडंल याचा काय भरवसा? उद्या कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर एकट्या तुमची नोकरी जायची न्हाई. सगळंच जाईल. मला माझ्या सुनेला असल्या कामावर पाठवायचं न्हाई."

भागवतच्या मनाचं ठरलं. फाइलीतून त्यानं ती झेरॉक्स काढली, उभी फाडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला सोमेश्वरदादांच्या केबिनमध्ये गेला.

सोमेश्वरदादा म्हणजे मातीतला माणूस. वडिलांच्या चार एकरातल्या बियाण्यापासून सुरुवात करून त्यांनी कंपनी उभी केली होती. टेबलावर उद्घाटनाच्या पत्रिकेचा नमुना पडला होता. मांडव, हजार माणसांचं जेवण, पाहुण्यांची यादी, सगळं ठरलेलं. भागवतनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली, लपवलं काही नाही.

दादांचा चेहरा बदलत गेला. "म्हंजे एकदा घेतलेली वस्तू परत घ्यायची? अन् त्याच्यापायी दोन महिने थांबायचं? भागवत, तुझं डोकं ठिकाण्यावर हाय ना? प्रेमचा फोन आल्ता मला. तो म्हणतो काही होत न्हाई. कर सही अन् दे पाठवून!"

"दादा, मी सही करणार न्हाई."

अकरा वर्षांत भागवतनं दादांना 'न्हाई' म्हटलं नव्हतं.

"मंग दुसऱ्याला सांगू का? सही करणारे लई हैत!"

"सांगा. पण त्याच्या आधी एक ऐका. सहा वर्षांमागं तीर्थपुरीच्या बाजारात काय झाल्तं, याद करा."

दादांनी चटकन वर बघितलं. ते विसरणं शक्यच नव्हतं. कुणीतरी कणसरीच्या टॅगची हुबेहूब नक्कल छापून साध्या सोयाबीनच्या पोत्यांना लावली होती. बियाणं उगवलंच नाही. दोन शेतकरी भर बाजारात दादांसमोर उभे राहिले होते, आणि दोघांच्या हातातल्या टॅगवर नंबर एकच होता. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं, पुंजाराम त्याचं नाव, काही शिवीगाळ केली नव्हती. तो एवढंच म्हणाला होता, "सोमेश्वरा, मी पोतं घेतलं ते टॅगकडं बघून न्हाई, तुझ्याकडं बघून घेतलं." त्या दिवशी दादांना घरी जेवण गेलं नव्हतं.

"तवा तुम्ही पोलिसात गेल्ते दादा," भागवत म्हणाला. "एका नंबरचे दोन टॅग काढणाऱ्याला तुम्ही चोर म्हणले. मी तुमच्याच बाजूला उभा होतो. आज मी तुमच्या नावानं तेच करायचं? एका नंबरवर दोन इमारती? मंग त्याच्यात अन् आपल्यात फरक काय राह्यला?"

दादा खुर्चीतून उठले. खिडकीपाशी गेले. बाहेर नव्या इमारतीच्या भिंतीला रंगाचा शेवटचा हात चालू होता.

"ऑर्डर गेली तर?" त्यांनी न वळताच विचारलं.

"जाऊ शकते. मी आजच त्यांना कळवतो. बाकी सगळं तयार हाय, एक कागद माझ्या चुकीनं राह्यला, दोन महिने द्या, असं खरं खरं लिहितो."

"अन् त्या बावीस बायांना कोण सांगणार?"

"मीच. शब्द मी दिल्ता, मीच सांगतो."

दादांनी सुस्कारा टाकला. "लिही पत्र," ते म्हणाले. राग अजून गेला नव्हता. पत्रिकेचा नमुना त्यांनी उचलला आणि परत टेबलावर आपटला. "लिही. अन् नवी प्रमाणपत्रं घ्यायची तयारी कर."

पत्र गेलं. प्रेमला फोन करून भागवतनं सांगितलं, की नव्या कागदाची दोन्ही पानं लागतील, त्याशिवाय फाइल हलणार नाही. प्रेम म्हणाला, "ठीक आहे सर. तुमच्यासारखे दोन-चार क्लायंट भेटले असते तर मीही असलं काही सुचवलं नसतं." भागवतनं फोन ठेवला.

परदेशातून उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. चार ओळींचं. दोन महिने थांबतो, त्यापुढं एक दिवस नाही. भागवतचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. अजून हॉलमध्ये जायचं होतं. त्यानं बावीसही जणींना चार वाजता बोलावून घेतलं होतं. तो निघाला तेव्हा बघतो तर सोमेश्वरदादा मागून येत होते. "चल, मी बी येतो," एवढंच ते म्हणाले.

हॉलमध्ये बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सबिहा एका कडेला, तिच्या शेजारी मैमूना आपा. काम सुरू व्हायची बातमी असणार म्हणून काही जणी चांगली लुगडी नेसून आल्या होत्या. भागवतनं ते बघितलं. तरी त्यानं आडवळण घेतलं नाही.

"बायांनो, काम पंधराला सुरू होत न्हाई. दोन महिने पुढं गेलं. चूक माझी हाय. एक कागद बरोबर लावायचा होता, मी चुकीचा लावला. तो चुकीचाच पुढं रेटला असता तर काम आत्ता सुरू झालं असतं, पण ती फसवणूक झाली असती. म्हणून थांबवलं. परवा नंदाबाईला मी काम सुरू म्हणून सांगितलं, ते बी खोटं होतं. मला माफ करा."

एकीनं पदर तोंडाला लावला. मग नंदाबाई उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

"भागवतभाऊ, तुम्ही खरं बोलले, लई चांगलं केलं. तुमची मान वर झाली. पण तुमच्या खरेपणाचा खर्चा आमीच काहून भरायचा? कागद तुमचा, चुकी तुमची, इमारत मालकाची, अन् उपास आमचा? खुरपणीचं काम मी तुमच्या शब्दावर सोडलं. पोरीला खानावळ लावली. दोन महिने मी तिला काय पाठवू, तुमची माफी?"

सपकन चाबूक बसावा तसा तो प्रश्न भागवतच्या तोंडावर बसला. खरंच होतं तिचं! खरं वागल्याचं समाधान भागवतला मिळणार होतं, नाव कणसरीचं राहणार होतं, आणि चूल विझणार होती हिची. एवढा साधा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. त्यानं मान खाली घातली.

उत्तर दिलं सोमेश्वरदादांनी. ते दाराशी उभे होते, ते पुढं आले आणि बायकांसमोर खाली सतरंजीवरच बसले.

"नंदाबाई, तू बराबर बोलली," ते म्हणाले. "काल भागवत मला शहाणपण सांगून गेला, तवा मला वाटलं, चला, आपण लई मोठं मन केलं. अन् ते मन मी केलं कुणाच्या जिवावर? तुमच्या!" त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "उद्घाटनाचा मांडव बंद. हजार माणसांचं जेवण बंद. कोणी पाहुणा येणार न्हाई. त्याच पैशात दोन महिने तुम्ही अंबड रोडच्या गोदामात कामाला यायचं. बियाण्याचे जुने नमुने पडलेत, ते निवडायचे, परत बांधायचे. कधीचं राह्यलंय ते काम. फुकट देत न्हाई मी काही. काम घेणार अन् पाकिटांच्या कामाला जो रोज ठरला, तोच रोज देणार. उद्यापासून."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. सबिहानं आपांचा हात घट्ट धरला. पण नंदाबाई काही लगेच खाली बसली नाही.

"तोंडी न्हाई, मालक," ती म्हणाली. "तोंडी शब्दानं एकदा पोळलंय आमाला. लिहून द्या."

दादा मोठ्यानं हसले. "भागवत, आण कागद! हिचं बी बरोबर हाय."

भागवतनं तिथंच बसून लिहिलं. बावीस नावं, काम कुठलं, किती दिवस, रोज किती, आणि काम देता आलं नाही तर काय. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. दादांनी सही केली. नंदाबाईनं कागद घेतला, आधी पुढची बाजू बघितली, मग उलटून मागची, आणि मगच घडी घालून कमरेला खोचला.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कणसरीनं नवी एकशे ऐंशी प्रमाणपत्रं घेतली. त्यावर स्वच्छ लिहून आलं, कोणत्या इमारतीसाठी आणि कोणत्या वर्षासाठी ती वापरून रद्द झाली. निवेदनाखाली भागवतनं या वेळी न अडखळता सही केली. नोव्हेंबरात समितीनं फाइल मंजूर केली. आणि ज्या सोमवारी पाकिटांचं काम सुरू झालं, त्या दिवशी ना मांडव होता ना नारळ फोडणारा पाहुणा. बावीस बायका आल्या, हात धुतले आणि कामाला लागल्या. यापेक्षा चांगलं उद्घाटन कोणत्या इमारतीचं झालं असेल!

तर मंडळी, पर्यावरणाचं रक्षण म्हणजे नुसती झाडं लावणं नव्हे. आपण जे चांगलं काम केल्याचं सांगतो, ते खरंच एकदा तरी झालंय का, आणि आपण ते दोनदा तर मोजत नाही ना, हे तपासणंही त्यातच येतं. खोटा कागद लावताना आपण म्हणतो, 'यात कुणाचं काय जातंय?' अहो, जातं! जी वीज तयारच झाली नाही ती आपण कागदावर जाळतो, आणि धूर मात्र खराखुरा आपल्याच पोरांच्या नाकात जातो. म्हणून सही करण्याआधी कागद उलटून बघा. चूक सापडली तर 'सगळे असंच करतात' या वाक्याच्या आड लपू नका, सरळ थांबा. आणि थांबल्याचं नुकसान भरायची वेळ आली, तर ते आपल्या खिशातून भरा, आपल्या मांडवातून भरा. दुसऱ्याच्या चुलीतली लाकडं ओढून कुणाला प्रामाणिक होता येत नाही!